पडद्यावरचं तळं

परीक्षेचा मोसम आला की घराघरांतले आवाज खाली येतात. टीव्ही कुजबुजायला लागतो, दुपारचा मिक्सर बंद होतो आणि कुकरची शिट्टी झाली की आतली बाई अपराधी चेहऱ्याने दाराकडे बघते. आमच्या बोरिवलीच्या इमारतीत यंदा शेजारच्या सईची बारावी आहे. तिच्या आईने जिन्यात गाठून मला हात जोडले. "काकू, एवढा महिना जरा हळू हं." मी हळूच असते. ह्या वयात मोठ्याने करण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलेलं नाही. सई स्वतः मात्र कानांत इअरफोनची बोंडं घालून अभ्यास करते, आणि त्या बोंडांतून जे थोडंफार गळतं त्यावरून कळतं की आत ड्रम्सचा कहर चाललाय. सगळी इमारत चवड्यांवर चालते आणि जिच्यासाठी चालते तिच्या डोक्यात मांडव कोसळत असतो.

मला त्यात काही गैर वाटत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आवाज मीही ऐन परीक्षेच्या दिवसांतच ऐकला. तो आता आठवताना मोठा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

ऐंशीच्या दशकातला तो चैत्र. आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो, आणि मुलुंड मधूनच स्वतःला गाव समजायचं. दुपारी रस्ते ओस पडायचे, कुंपणाबाहेर आलेल्या कैऱ्यांवर मुलांचा डोळा असायचा आणि सावरीचा कापूस कुठून कुठून उडत येऊन गच्चीच्या कोपऱ्यांत साठायचा. त्या गच्चीच्या एका टोकाला बसून मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं राज्यशास्त्र पाठ करत असे. दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तळमजल्यावरच्या तात्या सावंतांचा नंदू गिटार घेऊन बसलेला असे. गिटार इलेक्ट्रिक होती, पण गच्चीवर प्लग नव्हता. विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे रिकाम्या माठात अडकलेला डास. माझं राज्यशास्त्र त्या डासाच्या साथीनेच पूर्ण झालं. आजही 'सार्वभौमत्व' हा शब्द वाचला की मला बारीक तारांचा आवाज येतो.

नंदूचा बँड होता. नाव फ्यूज. ड्रमवर वसईचा ग्लेन, कीबोर्डवर घाटकोपरचा भावेश, बेसवर कुणी ना कुणी, आणि गाणं-गिटार नंदू. नाहूरला रंगाचा एक कारखाना बंद पडला होता, त्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम चालायची. मी तिथे जाऊन पत्र्याच्या डब्यावर बसून ऐकत असे. मला त्यांची चाहती म्हणायला हरकत नाही. तेव्हा त्यांना दुसरी नव्हतीच. ते कॅसेटवरून उतरवलेली इंग्रजी गाणी म्हणत. शब्द कळले नाहीत तिथे नंदू तोंडात गरम बटाटा असल्यासारखा आवाज काढे, आणि लोकांना वाटे की उच्चार अस्सल आहे.

पण गच्चीवर तो जे वाजवत असे ते कॅसेटवरचं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि मराठी होतं. हे त्या काळी जवळजवळ लपवण्यासारखं होतं.

"शुभे, 'जाग कशी ही येते रे' बरं वाटतं की 'येते गं'?"

"कुणाला म्हणतोयस त्यावर आहे."

"कुणालाच नाही यार. नुसतंच."

"मग 'रे' ठेव. 'गं' म्हटलंस की लोक मुलगी शोधत बसतात."

"इंग्रजीत बरं असतं," तो म्हणाला. "बेबी म्हणायचं आणि सुटायचं."

गाणं सुट्टीच्या सकाळचं होतं. आज भोंगा नाही तरी, जाग कशी ही येते रे. खाडीवरचा वारा येतो, उशाशी बसून राहतो. एवढंच. त्यात प्रेम नव्हतं, बंड नव्हतं, क्रांती तर नव्हतीच. विक्रोळीच्या कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला रविवारीही पहाटे जाग येते आणि मग तो कुणाला न उठवता पडून राहतो. नंदूने हे कुठे पाहिलं होतं ते मला विचारावं लागलं नाही. सावंतांच्या घरात खोल्या दोनच होत्या.

तात्या मूळचे मालवणकडचे. मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली तिकडचीच राहिली होती. मराठी ते फक्त बँकेत आणि डॉक्टरकडे बोलत. त्या वर्षी कंपनी कामगारांच्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घेत होती, आणि अशी संधी पुन्हा येईल ह्यावर तात्यांचा विश्वास नव्हता. बापलेकांत धुसफूस चालू होती. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेले तेव्हा तात्यांचा निकाल ऐकायला मिळाला.

"ता इंग्रजी माका सांगू नको. ता दुसऱ्याचा. तुझा सवताचा एक गाणा हा म्हणतंस ना? ता लोकांसमोर म्हण. माणसां बसान आयकली तर वर्सभर वाजव, मी तोंड उघडूचंय नाय. उठान गेली तर जूनपासून कंपनीत."

"तुम्हाला आवडलं तर, असं म्हणा ना," नंदू म्हणाला.

"माका काय समाजता त्यातला? माणसां बसली काय उठली, ता माका समाजता."

हे त्यांनी दशावतारातून आणलं होतं. त्यांच्या गावच्या देवळात जत्रेला खेळ लागे, आणि तरुणपणी ते घोंगडीवर बसून तो बघत. खेळ चांगला की वाईट ह्यावर तिथे कुणी मत देत नसे. माणसं घोंगड्या गुंडाळायला लागली की खेळ पडला. बसून राहिली की उभा राहिला. मी तेव्हा सामाजिक कराराचा सिद्धांत पाठ करत होते. पुस्तकात तो करार नेमका कुणी, कधी आणि कुठे केला हे कुणालाच सांगता आलेलं नाही. मी मात्र एक करार कढीपत्ता हातात घेऊन डोळ्यांनी पाहिला.

राहिला प्रश्न रंगमंचाचा. अंधेरीला वसंतविलास नावाचं जुनं नाट्यगृह होतं. मंगलोरी कौलं, लाकडी खांब, बिडाच्या नक्षीचा सज्जा. संगीत नाटकाच्या भरात कुणा हौशी धनिकाने ते बांधलं, आणि ज्या नटांच्या तसबिरी व्हरांड्यात लावल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांची नावं आता कुणाला ठाऊक नव्हती. परीक्षेच्या दिवसांत नाटकं लागत नसत. संध्याकाळी चैत्रातली कीर्तनं चालत, दुपार रिकामी असे. ती रिकामी दुपार फ्यूजला मिळाली. मॅनेजर पेठे शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांची अट एकच: सहाला पडदा पडलाच पाहिजे, कारण त्यानंतर बुवांची बैठक मांडायची असे. बाहेरच्या फळ्यावर त्यांनी आपल्या पेंटरकडून कार्यक्रम रंगवून घेतला होता: 'फ्यूज — सुश्राव्य पाश्चात्त्य संगीत. लहान मुलांना आत आणू नये.'

तात्या मला म्हणाले, "चेडवा, तू वांगडा चल गो. थंय कसा बसूचा ता माका म्हायत नाय." रॉकला कसं बसतात ते मलाही माहीत नव्हतं, पण चाहतीने असं कबूल करायचं नसतं.

पवईच्या तळ्यावरून जाणाऱ्या बसने आम्ही गेलो. त्या रस्त्याला तेव्हा शहर नव्हतं, नुसतं तळं होतं आणि त्यावर ऊन. बस इतकी रमत जाई की तळं आपल्याबरोबर चालतंय असं वाटे. तात्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते.  बसमध्ये सावरीचा कापूस शिरला आणि एका बाईच्या अंबाड्यावर जाऊन बसला. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसाचं मला बरंच काही असं आठवतं, बिनकामाचं आणि स्पष्ट.

वसंतविलासच्या आत जुन्या नाटकगृहांचा असतो तो वास होता: पावडर, कापूर, वटवाघळं आणि कुठूनतरी तळणाऱ्या वड्यांचा. छपरात एक कौल काचेचं होतं. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली येई आणि दुपार सरकेल तसा खुर्च्यांवरून सरकत जाई. ज्याच्यावर येईल तो माणूस क्षणभर महत्त्वाचा दिसे आणि पुन्हा सामान्य होई. लोकशाहीचा इतका प्रामाणिक नमुना मी नंतर पाहिला नाही.

दर्शनी पडदा रंगवलेला होता. मोठं तळं, पायऱ्यांचा घाट, मागे राजवाडा, पाण्यात हंस. चित्रकाराने हंस कधी पाहिले नसावेत. ते पांढऱ्या बदकांसारखे होते आणि प्रेक्षकांकडे संशयाने बघत. पण पाणी त्याने जीव ओतून रंगवलं होतं.

तिसरी घंटा झाली, नारळ फुटला, पडदा वर गेला आणि रॉकचा कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे सत्कार सुरू झाला. पेठ्यांच्या नाट्यगृहात प्रमुख पाहुण्यांशिवाय काही होत नसे. व्यासपीठाच्या पुढच्या काठावर समई आणि कुंड्या मांडल्या होत्या, त्यामुळे बँडचे मोठे स्पीकर मागे ढकलले गेले होते. परिसरातले एक प्रतिष्ठित गृहस्थ बोलायला उभे राहिले. ह्या संगीताचं मूळ सामवेदात आहे, हे त्यांनी सांगितलं. तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावं, हे सांगितलं. आपल्यालाही लहानपणी बासरीची आवड होती पण जबाबदाऱ्यांमुळे ती मागे पडली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि बासरी वाचली असं मला वाटलं. मग चौघांना शाल आणि श्रीफळ. ग्लेनला श्रीफळाचं काय करायचं कळेना. ते त्याने स्टुलाखाली ठेवलं आणि शाल घडी करून मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली. ड्रमचा आवाज दाबायला आत घालतात ती उशी आणायला तो विसरला होता. त्या शालीचा इतका रास्त उपयोग पाहुण्यांनीही कधी कल्पिला नसेल.

"भाषणात कोण उठलो नाय," तात्या माझ्या कानाशी म्हणाले. त्यांनी मोजणी सुरू केली होती.

मग वाजलं. ते मी कसं सांगू? शेडमध्ये पत्र्यावर आदळून येणारा आवाज इथे लाकडात शिरत होता. सज्जा थरथरला, आढ्यातल्या चिमण्या उडाल्या आणि कवडशात कितीतरी वर्षांची धूळ सोन्यासारखी खाली यायला लागली.  मी उभी राहणार होते. रॉकला उभं राहतात असं वाचलं होतं. पण मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, बसून घ्या, दिसत नाही." मी बसले. सगळे बसले होते. कॉलेजची मुलं, त्यांच्या बहिणी आणि नाट्यगृहाचे नेहमीचे पासवाले म्हातारे, जे काय आहे ते न विचारता प्रत्येक कार्यक्रमाला येत.

पहिलं गाणं संपलं आणि ह्याच म्हाताऱ्यांमधून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

त्यांच्या लेखी ही रीत होती. पद रंगलं की ते पुन्हा म्हणायचं. न मागणं हा गायकाचा अपमान. नंदू गोंधळला. मग वाकून नमस्कार करून त्याने तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटलं. दुसऱ्यालाही वन्स मोअर आला. तिसऱ्यालाही. म्हातारे खूश होते. इतका नम्र कलावंत त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. मी मात्र कवडशाकडे बघत होते. तो भिंतीवर चढायला लागला होता, आणि नंदूचं गाणं सगळ्यांत शेवटी होतं.

त्यात मध्यंतर झालं, कारण वडे तळून झाले होते. विंगेत जाऊन मी नंदूला गाठलं.

"तुझं आधी घे ना, वेड्या! वेळ जाईल."

"वन्स मोअरला नाही म्हणता येतं का, तूच सांग." त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. "तात्या काय करतायत?"

"वडा खातायत."

"बसून?"

"बसून."

दुसऱ्या भागात मागची दारं हळूहळू उघडायला लागली. कीर्तनाची मंडळी जागा धरायला आली होती. नऊवारीतल्या बायका, उपरणं घेतलेले पुरुष, हातांत उश्या, टाळ, पाण्याच्या बाटल्या. शेवटच्या रांगा भरल्या, मग मधल्या. माझ्या शेजारी एक आजी येऊन टेकल्या.

"सुरू झालं का हो?"

"नाही आजी. अजून आधीचं चाललंय."

"चालू दे, चालू दे. देवाचंच असेल." आणि त्यांनी डोळे मिटले.

शेवटचं इंग्रजी गाणं संपलं. सुदैवाने वन्स मोअर आला नाही. म्हातारे दमले असावेत. नंदू माईकशी आला. "आता," तो म्हणाला, "एक आमचं स्वतःचं..." आणि विंगेत पेठ्यांनी घंटा दिली, दोरवाल्याने दोर सोडला, आणि तळं, घाट, राजवाडा, हंस असं सगळं सळसळत त्याच्या आणि आमच्या मध्ये उतरलं. सहा वाजले होते.

खुर्च्या करकरल्या. लोक चपला शोधायला लागले. पुढच्या दोन रांगा तर उभ्याच राहिल्या. तात्या वळून मागे बघत होते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला स्वतःलाच ही पैज जिंकायची नाहीये.

पडद्यामागून ग्लेनचा आवाज आला, वन, टू, थ्री, फोर. नंतर तो म्हणाला होता, पडदा पडला म्हणून काय, वायर तर चालू होती.

आणि गाणं सुरू झालं.

जाड कापडातून, मागे ढकललेल्या स्पीकरमधून, शालीने दबलेल्या ड्रममधून ते येत होतं. पलीकडच्या घरात कुणीतरी गात असावं आणि आपण अर्धवट झोपेत असावं, तसं. आज भोंगा नाही तरी. शब्द कडा घासून गुळगुळीत झाले होते. बेसचा खालचा सूर लागला आणि पडद्यावरचं तळं हललं. खरोखर हललं, पाण्यावर एक बारीक शहारा उठून घाटाच्या पायरीपर्यंत गेला, परत आला. हंस जागच्या जागी डोलायला लागले. प्रत्येक ठोक्याला राजवाडा पाण्यात थोडा विरघळे आणि पुन्हा उभा राहत असे. उभे राहिलेले लोक चपला पायांत घालायचे विसरले. मग एकेक करून, कुणी काही न सांगता, खाली बसले. खाडीवरचा वारा येतो. शेजारच्या आजींनी डोळे उघडले होते आणि त्या तळ्याकडे बघत होत्या. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या होत्या, पाय वर घेतले होते आणि त्या अरुंद घडीच्या खुर्चीत कशीबशी मांडी घातली होती.

मी पुढच्या आयुष्यात मोठी मैदानं पाहिली, मोठे आवाज ऐकले, गाणारा बोटाएवढा दिसेल इतक्या लांबून टाळ्या वाजवल्या. पण गाणारा अजिबात दिसत नाही आणि पाणी हलतं, असं परत झालं नाही. कधीकधी वाटतं की ते झालंच नसेल. चैत्रातल्या दुपारच्या झोपेत पाहिलं असेल. मग शेजारच्या आजी आठवतात, त्यांचा टाळ मांडीवर ठेवलेला, आणि वाटतं की स्वप्नात इतकी सुबक आजी मला रचता आली नसती.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. टाळ्या पडदा पडताना वाजवायच्या असतात, आणि पडदा आधीच पडलेला होता. कुणालाच काय करायचं ते सुचेना. ती शांतता पलीकडे कशी ऐकू गेली असेल ते मला नंदूचा चेहरा बघून कळलं. पडद्याच्या कडेला, राजवाड्याच्या कोपऱ्यातून, त्याने हात घालून फट केली आणि डोकं बाहेर काढलं. समोर रिकाम्या खुर्च्या असतील असं त्याने धरलं होतं. समोर भरलेलं नाट्यगृह त्याच्याकडे बघत होतं.



"चालू द्या," उपरण्यातले एक गृहस्थ म्हणाले.

"एवढंच आहे," नंदू म्हणाला.

"बरं. छान होतं." प्रसाद घेतल्यावर म्हणतात तसं ते म्हणाले, आणि मग पेठ्यांनी दिवे लावले.

नंदूला वर्ष मिळालं. वर्ष मिळतं तसंच संपतंही. त्या वर्षात फ्यूज गणपतीच्या मांडवांत वाजला, भांडुपच्या एका स्वागत समारंभात वाजला, नवरीच्या काकांनी फर्माइश केली म्हणून त्याने कोळीगीतही वाजवलं. भावेश दुकानावर बसायला लागला, ग्लेन आखाताकडे गेला, आणि पुढच्या जूनमध्ये नंदू आपणहून कंपनीत गेला. तात्यांनी आठवण करून दिली नव्हती. दिलेला शब्द ते तोंड मिटून पाळत राहिले. नंदूने पुढे गाणी केली की नाही ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की माणसाला उत्तर द्यावं लागतं. वसंतविलासच्या जागी आता काय आहे तेही मी बघायला गेलेले नाही. न बघितल्यामुळे ते आहे तिथेच आहे.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. वसंतविलासच्या फाटकाशी आम्ही उभे होतो. आत मृदंग लागत होता, आकाश कैरीच्या फोडीसारखं फिकट हिरवट झालं होतं, आणि नंदूचा चेहरा 'काही झालेलं नाही' असं खोटं निदान ऐकलेल्या रोग्यासारखा. त्याला जिंकायचं होतं, पण असं नाही.

"तात्या," तो शेवटी म्हणाला, "अर्धे लोक कीर्तनाला आले होते. माझ्यासाठी नव्हते बसले."

तात्यांनी ग्लेनच्या ड्रमची एक पेटी उचलून खांद्यावर घेतली, तिचा तोल नीट केला.

"बसले हुते ना? मगे झाला," ते म्हणाले. "बसलल्या माणसाक कोण इचारूक जाता रे, कशाक बसलंस म्हणान?"

आणि पेटी सांभाळत ते बसच्या थांब्याकडे चालायला लागले.